सात वाजून एक सेकंद

मंगळवारी सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी तिचा फोन वाजला. डायलिसिस केंद्राच्या मोठ्या सिस्टर बोलत होत्या. सातची यादी आली नव्हती.

"अहो, चारही गाड्या फाटकात उभ्या आहेत आणि ड्रायव्हर माझ्या तोंडाकडे बघताहेत," सिस्टर म्हणाल्या. "आज कुणाला कुठून उचलायचं, मला विचारतात. मी कुठून सांगणार? बावीस मशीनं धुऊनपुसून तयार आहेत आणि माणूस एक नाही."

"दहा मिनिटं द्या," ती म्हणाली. तोंडात पेस्टचा फेस होता, त्यामुळे शब्द जाड आले. सिस्टरांना ते घाबरल्यासारखं वाटू नये म्हणून तिने बेसिनमध्ये थुंकून पुन्हा एकदा, स्पष्ट सांगितलं, "दहा मिनिटं. नऊसुद्धा लागणार नाहीत."

ती घाबरली नव्हतीच. गेली सहा वर्षं ती या केंद्राचं काम सांभाळणाऱ्या छोट्या कंपनीत होती, आणि गेले सहा महिने ते काम एकट्या तिच्या अंगावर होतं. केंद्राची वेबसाइट, पेशंटच्या नोंदी, पाळ्या, आणि रविवार सोडून रोज सकाळी सातला जाणारी यादी: ड्रायव्हरांना पत्ते, पेशंटांना गाडीची वेळ. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ती सर्व्हरमध्ये शिरली. हा सर्व्हर भाड्याचा होता, कुठल्या गावातल्या कुठल्या इमारतीत उभा आहे हे तिला माहीत नव्हतं, आणि माहीत असण्याची कधी गरज पडली नव्हती. काळ्या खिडकीत तिने यादी पाठवण्याची आज्ञा हाताने टाइप केली, एंटर दाबलं. ड्रायव्हरांचे पत्ते आणि दोन पाळ्यांतल्या पेशंटांचे चव्वेचाळीस निरोप एकामागून एक सुटले. सात वाजून एकवीस. पायांखालची फरशी गार होती, चपला मोरीपाशी राहिल्या होत्या. बाबा स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप धरून उभे होते. सकाळी कुणाचाही फोन आला की त्यांचा एकच प्रश्न असतो, तो त्यांनी विचारला, "कुठली गल्ली राहिली?"

"राहिली होती, सोडलं आता पाणी," ती म्हणाली. हा त्या दोघांचा जुना विनोद. बाबांनी एकतीस वर्षं पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह उघडायचं काम केलं होतं. कमरेएवढ्या उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून, सायकलवरून, पहाटे एकेका गल्लीचं झाकण उचलायचं, चावी खाली सोडायची आणि बावीस वेढे फिरवायचे. अमक्या गल्लीला पावणेसहा, तमक्या गल्लीला सव्वासहा. घरात वेळापत्रकाचा कागद दाराच्या मागे चिकटवलेला होता, पण आई त्या कागदाकडे कधी बघत नसे. नळाला कान लावल्यासारखी ती हंडा घेऊन बसायची आणि सूं आवाज आला की घड्याळ बघून म्हणायची, "आज दहा मिनिटं उशीर. शाळेपाशी चहा झाला म्हणायचा." किंवा, "आज पाच मिनिटं आधी. रात्रीचा राग गेलेला नाही." तिला लहानपणी हे जादूसारखं वाटे. पाण्याच्या वेळेवरून माणसाचं मन कळतं. पुढे कळलं की जादू वगैरे काही नव्हतं, आई फक्त रोज लक्ष देत होती.

यादी गेली, पण का गेली नव्हती हे राहिलंच. ऑफिसला जाताना बसच्या खिडकीशी बसून ती तेच चाळत होती. असं काम ती आवडीने करी. बिघाड म्हणजे तिला एखाद्या अपरिचित घरात शिरल्यासारखं वाटे, जिथे कुठल्यातरी खोलीत दिवा चालू राहिलाय आणि आपण शांतपणे एकेक दार उघडत जायचं. घाई करायची नाही. काय झालं असेल याचा अंदाज आधी बांधायचा नाही. हे मास्तरांनी शिकवलं होतं. मास्तर म्हणजे तिच्या आधी हे काम बघणारे, सहा महिन्यांपूर्वी निवृत्त झालेले. संगणक येण्यापूर्वी ते टायपिंगचा क्लास चालवायचे, म्हणून सगळं ऑफिस त्यांना मास्तर म्हणायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी तिच्या हातांवर वर्तमानपत्र पसरून तिला न बघता टाइप करायला लावलं होतं, आणि ती कळा इतक्या जोरात ठोकत होती की म्हणाले, "अगं हळू. की-बोर्डचा काय गुन्हा?" तेव्हापासून ती त्यांची हातोडी. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने टाइप केलेली यादी तिला दिली होती, कामं हवाली करण्याची. सव्वीस कलमं. तेविसावं होतं, जुनी खाती बंद. ती खुणा करत गेली, खाली सही केली. मास्तरांनी टाइप केलेल्या यादीत तपासायचं काय?

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. नऊला ती एकटीच होती. झाडूवाल्या मावशींनी खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवल्या होत्या, त्यातली आपली तिने सरळ केली आणि बसली. पहिलं दार म्हणजे वेळापत्रकाची फाइल. लिनक्सच्या प्रत्येक सर्व्हरवर ती असते, तिला क्रॉन म्हणतात. एकेका ओळीत लिहिलेलं असतं, किती वाजता, कुठल्या वारी, कुठलं काम. यादीची ओळ जागच्या जागी होती. शून्य मिनिटं, सात वाजता, रविवार सोडून सगळे वार. ही ओळ गेल्या सहा महिन्यांत तिने चार-पाचदा तरी पाहिली असेल, आणि दर वेळी ती बरोबरच होती. वेळापत्रक पाळणारा चौकीदार जागा आहे का? होता, महिनोन्महिने न थांबता. सर्व्हरचं घड्याळ बरोबर? सेकंदाचाही फरक नाही. सर्व्हरवरची जागा भरली आहे का? नाही, अर्ध्याहून जास्त रिकामी. एकेक दार उघडलं, एकेक खोली नीटनेटकी. तरी कुठेतरी दिवा चालू होता.

मग तिने मागच्या नोंदी काढल्या. यादी पाठवणारा प्रोग्राम रोज एक ओळ लिहून ठेवतो, किती वाजता गेली, किती निरोप. तिने फक्त कालची ओळ बघायची म्हणून काढली. सोमवार, सहा वाजून सत्तावन्न मिनिटं, बारा सेकंद. ती थांबली. सातची यादी सहा सत्तावन्नला कशी गेली? परवाचा दिवस रविवार. शनिवार, सहा छप्पन, चाळीस सेकंद. शुक्रवार, सात वाजून एक मिनिट, नऊ सेकंद. गुरुवार, सहा अठ्ठावन्न. तिने हळूहळू वर सरकवायला सुरुवात केली. यंत्र असं वागत नाही. यंत्राला सात म्हणजे सात वाजून एक सेकंद, फार तर दोन. ही वेळ डुलत होती. तिला आईचा चेहरा दिसला, हंड्यावर हात, मान नळाकडे कललेली. आज तीन मिनिटं आधी. आज एक मिनिट उशीर. हा हात होता. रोज सकाळी कुणीतरी हाताने व्हॉल्व्ह उघडत होतं.

ती आणखी मागे गेली. दोन महिने, चार, आठ. गेल्या थंडीत एक दिवस सहा एकतीस. मग एक आठवडाभर बरोबर सहा पंचावन्न, मिनिट इकडेतिकडे नाही, जणू कुणाकडे पाहुणे होते आणि त्यांच्या देखत उशीर करायचा नव्हता. मास्तर निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी, सहा छप्पन. आणि चौदा महिन्यांपूर्वी एका सोमवारी डुलणं थांबलं. त्याच्या मागे सगळ्या ओळी सरळ: सात वाजून एक सेकंद, सात वाजून एक सेकंद, दोन सेकंद, एक सेकंद. तो सोमवार तिला आठवत होता. त्याच्या आदल्या शनिवारी जुना सर्व्हर बंद करून सगळं काम नव्या सर्व्हरवर हलवलं होतं. मास्तरांनी हलवलं होतं, ती शेजारी बसून वाचून दाखवत होती. संध्याकाळी दोघांनी खाली टपरीवर उभ्याने चहा घेतला होता आणि मास्तर म्हणाले होते, "बिनबोभाट झालं बघ."

आत कोण आलं, कोण गेलं याची वही वेगळी असते. ती तिने शेवटी उघडली, कारण तिथे काय असणार हे तिला आता माहीत होतं आणि माहीत असलेली गोष्ट बघायला हात जड होतो. आज सकाळी, सहा चोपन्न: मास्तरांचं खातं, पासवर्ड चुकीचा. सहा पंचावन्न: चुकीचा. सहा अठ्ठावन्न: चुकीचा. तीनदा चुकल्यावर खातं तासभर बंद होतं, तसं झालं होतं. बंद असायला हवं होतं ते सहा महिन्यांपूर्वी. तेविसावं कलम. तिची सही.

ती उठून बाटलीतलं पाणी प्यायली, पुन्हा बसली आणि उरलेलं दार उघडलं. वेळापत्रकातलं एखादं काम अडलं तर सर्व्हर एक पत्र लिहितो आणि ते आपल्याच आत, ज्याचं काम त्याच्या पेटीत टाकतो. मास्तरांच्या पेटीत तीनशे चौसष्ट पत्रं होती. सगळ्यांत एकच मजकूर: आज्ञा सापडली नाही. रोज सातच्या ठोक्याला चौकीदार उठला होता, काम करायला गेला होता, हत्यार, म्हणजे यादी पाठवणारा प्रोग्राम, सापडलं नाही म्हणून तसं लिहून ठेवून परत आला होता. तीनशे चौसष्ट सकाळी. वाचलेलं एकच, पहिलं.

कारण जुनंच होतं, तिला हसू आलं इतकं जुनं. माणूस सर्व्हरमध्ये शिरतो तेव्हा सर्व्हर त्याच्यापुढे त्याचा सगळा संसार मांडून ठेवतो, कुठली वस्तू कुठल्या कपाटात हे त्याला सांगावं लागत नाही. वेळापत्रक कामाला उठवतं तेव्हा मात्र त्याला रिकाम्या खोलीत उभं करतं. तिथे हत्यार हवं असेल तर पूर्ण पत्ता द्यावा लागतो. जुन्या सर्व्हरवर हत्यार नेहमीच्या जागी होतं, नव्यावर वेगळ्या कपाटात गेलं. म्हणून हाताने चालवलं की चालायचं, आपणहून चालायचं नाही. ओळीत पत्ता पूर्ण लिहिला की झालं. दहा मिनिटांचं काम. हे मास्तरांनीच तिला दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात फळ्यावर चौकोन काढून समजावलं होतं.

साडेअकराला साहेब आले, कंपनीचे मालक. केंद्राच्या डॉक्टरांचा त्यांना फोन गेला होता. ते तिच्या टेबलाच्या कडेवर टेकले, रागावलेले नव्हते, ते सहसा रागावत नसत.

"वीसेक मिनिटं उशीर झाला म्हणे."

"हो. पहिल्या पाळीतले बावीसही जण मशीनवर लागले. एक आजी जिन्यात खुर्ची टाकून बसून राहिल्या होत्या, त्यांना ड्रायव्हरकाकांनी शेवटी आणलं. त्यांचं चार तासांचं काम पूर्ण होतंय, मी सिस्टरांना विचारलं."

"सापडलं?"

"सापडलं. दुपारपर्यंत दुरुस्त होईल. लिहून देते."

"शुक्रवारपर्यंत दे. केंद्रवाले वाचणार आहेत, तेव्हा आत कोणाकोणाला प्रवेश आहे तेही लिही. जुनं-पुराणं काही उघडं नाही ना?"

"एक आहे," ती म्हणाली. "मी बंद केलं असं लिहून सही केली होती. बंद केलं नव्हतं."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "कुणाचं?"

"अहवालात लिहीन."

"मास्तरांचं," साहेब म्हणाले आणि उठले. दारापाशी जाऊन वळले. "शुक्रवारी ते खातं दिसता कामा नये. आणि तुझ्या सहीचं आपण नंतर बोलू."

आपल्या सहीचं काय होईल याची तिला फारशी काळजी वाटली नाही. चूक खरी होती, लिहिली की निम्मी झाली. तिला सारखं दुसरंच दिसत होतं: सहा चोपन्न, सहा पंचावन्न, सहा अठ्ठावन्न. शेवटच्या दोन नोंदींत तीन मिनिटांचं अंतर. त्या तीन मिनिटांत मास्तर काय करत बसले असतील? मास्तरांची बोटं चुकत नसत. तिने मास्तरांच्या घरी फोन लावला. काकूंनी उचलला.

"अगं, तू आहेस होय. काल त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ना. मोतीबिंदू. आत्ताच पट्टी काढून आलो. कुणाला सांगितलंच नाही, म्हणाले एवढंसं तर आहे. आणि सकाळी बघते तर पट्टी लावलेल्या डोळ्याने त्या डबड्यापुढे बसलेले. डॉक्टर म्हणाले होते वाकू नका. ऐकतात कुणाचं? देते हं."

मास्तरांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त थोडा लांबून आल्यासारखा. "बोल, हातोडी."

"यादी गेली, मास्तर. सात एकवीसला."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज, दार लोटल्याचा आवाज. "गेल्या आठवड्यात पासवर्ड बदलायला लावला सर्व्हरने," मास्तर म्हणाले. "नवा कागदावर लिहून ठेवला होता. कागद दिसेना. एकावर पट्टी, दुसरा आधीच अधू. बोटांना विचारलं, तर त्यांना जुनाच पाठ. हिला वाचायला सांगावं असं मनात आलं एकदा. पण मग हिला सांगावं लागलं असतं ना, मी रोज काय करतो ते."

"काकूंना माहीत नाही?"

"तिला वाटतं मी बातम्या बघतो."

ती ऐकत राहिली. न बोलणं हेही त्यांनीच शिकवलं होतं. समोरचा सांगतोय तोवर विचारायचं नाही.

"पहिल्या सोमवारी अडलं," मास्तर म्हणाले. "म्हटलं आज हाताने पाठवू, दुपारी बघू. दुपारी दुसरं काहीतरी निघालं. मंगळवारी पुन्हा हाताने. मग एकदा असा आठवडा गेला की तुला सांगायची लाज वाटायला लागली. मी फळ्यावर काढून शिकवलेलं, आणि माझंच तिथे अडलेलं. दहा मिनिटं लागली असती. दहा मिनिटं मिळाली नाहीत असं कुठल्या तोंडाने सांगू, चौदा महिने होते. निवृत्तीच्या दिवशी ठरवलं होतं, तुला सांगायचं. तुम्ही तो पुष्पगुच्छ वगैरे आणलात."

"आणि नंतर?"

"नंतर," मास्तर म्हणाले. "नंतर सवय झाली. पावणेसातला उठायचं, दात घासायचे, चव्वेचाळीस माणसांना गाडी पाठवायची. मग दिवसभर काही नसलं तरी चालतं."

तिला वाटलं होतं, आपल्याला राग येईल. चव्वेचाळीस माणसं एका अधू डोळ्यावर टांगलेली होती, आणि त्या आजी जिन्यात बसलेल्या. राग आलाही, आणि तो नीट ओळखू येईल इतका स्पष्ट झाला: मास्तरांवरचा थोडा, स्वतःवरचा जास्त. सहा महिने निरोप जात होते म्हणून तिने नोंदी उघडल्या नव्हत्या. आईने दुसऱ्या दिवशी ओळखलं असतं.

"मास्तर, मी आज ओळ दुरुस्त करते आहे," ती म्हणाली. "उद्या सातला ती आपणहून जाईल. तुम्ही हात लावू नका. दोघांनी पाठवली तर निरोप दोनदा जातील आणि गाड्या दोनदा लागतील."

"कळतं मला."

"लावणार नाही ना?"

"बरं," मास्तर म्हणाले. सहा वर्षांत तिने हे बरं अनेकदा ऐकलं होतं. ते कधी हो असायचं, कधी तुझं चालू दे असायचं, आणि आवाजात फरक नसायचा.

दुपारी दोनला तिने ओळ दुरुस्त केली. हत्याराचा पूर्ण पत्ता लिहिला, अडलं तर पत्र तिच्या फोनवर येईल अशी सोय केली, आणि खोटी यादी बनवली, एकाच नावाची, स्वतःच्या. दोन वाजून सहा मिनिटांची वेळ दिली आणि हात मांडीवर ठेवून बसली. हा भाग सगळ्यात कठीण. हाताने एकदा चालवून बघावं असं बोटांना वाटतं. चाललं की बरं वाटतं. आणि त्या बऱ्या वाटण्यातून काहीच सिद्ध होत नाही, कारण हाताने ते नेहमीच चालतं. मास्तर पहिल्या सोमवारी नेमके इथेच बसले असणार. पाच वाजून गेले, असा तिला भास झाला. दोन वाजून सहा मिनिटं, एक सेकंद. फोन टेबलावर थरथरला. आपली गाडी सव्वासात वाजता येईल. तिने पुन्हा दोन बाराला लावलं, पुन्हा आलं. मग खोटी यादी पुसली, खरी ओळ सातला ठेवली. चुकण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. एक खातं सोडून.

ते बंद करायला एक ओळ पुरे होती. संध्याकाळी भांडी विसळताना ती बाबांना हे सगळं सांगत होती, नाव न घेता, आमच्यातले एक म्हणून. बाबा ताटं पुसून फळीवर लावत होते.

"तुमची चावी कशी गेली हो बाबा?" तिने विचारलं. तिला एवढंच माहीत होतं की एका वर्षी रस्त्याच्या कडेला हिरव्या पेट्या बसल्या, त्यांत घड्याळं होती, आणि व्हॉल्व्ह आपले आपण उघडू लागले.

"इंजिनियर घरी आला होता," बाबा म्हणाले. "तू शाळेत असशील. पोरगेलासाच होता. चहा घेतला त्याने. म्हणाला, चावी न्यायला आलोय. मी विचारलं, शिपाई पाठवायचा की. तर म्हणाला, एकतीस वर्षांची चावी आहे, शिपायाकडे कशी मागू. तेल लावून, फडक्यात गुंडाळून दिली मी. सायकलला बांधेपर्यंत उभा राहिलो, त्याला गाठ मारता येत नव्हती."

"वाईट वाटलं असेल."

"वाटलं ना. पण मागून नेली. काढून नाही नेली." बाबांनी शेवटचं ताट लावलं आणि फडकं झटकलं. "पेटीचं पाणी बरोबर वेळेला येतं. तुझी आई म्हणायची, आता नळातून काही कळत नाही."

तिने मास्तरांना पुन्हा फोन केला नाही. काकूंना केला, गुरुवारी संध्याकाळी सहाला येते म्हणून. काकू म्हणाल्या, ये की, ते विचारताहेत कशाला. ती म्हणाली, डोळा बघायला. खातं तिने तसंच राहू दिलं. यात धोका होता आणि तो किती आहे हे तिने नीट मोजलं: मास्तरांनी सवयीने एंटर दाबलं तर अठ्ठ्याऐंशी निरोप, चव्वेचाळीस गोंधळलेली माणसं, गाड्यांच्या दिवसाच्या आठ फेऱ्यांच्या सोळा, आणि शुक्रवारच्या अहवालात एक असं वाक्य जे लिहून झाल्यावर तिला दुसरी नोकरी शोधावी लागेल. दुसऱ्या बाजूला मास्तरांचं ते एक 'बरं' होतं, ज्याचा अर्थ लागत नव्हता. तिला झोप मात्र चांगली लागली.

बुधवारी पावणेसातला ती टेबलापाशी बसली. बाबांनी न विचारता चहा ठेवला. तिने दोन काळ्या खिडक्या शेजारी शेजारी उघडल्या, एकीत यादीच्या नोंदी, दुसरीत आत-बाहेरची वही. सहा पन्नास. सहा पंचावन्न. रस्त्यावर कुणीतरी लोखंडी शटर वर ढकललं. सहा सत्तावन्न, चाळीस सेकंद: मास्तरांचं खातं, आत. पासवर्ड पहिल्याच वेळी बरोबर. तिचा हात आपोआप की-बोर्डवर गेला. इथून तिला त्यांना बाहेर काढता आलं असतं, एका ओळीत, त्यांना कळायच्या आत. ते काय टाइप करताहेत हे तिला दिसत नव्हतं, फक्त ते आहेत एवढं दिसत होतं. एखाद्या खोलीत दुसरं कुणी आहे हे अंधारातही जसं कळतं तसं. तिने हात उचलून कपाभोवती ठेवला. सहा एकोणसाठ. मास्तर कळांवर बोटं टेकून बसले असतील, अंगठे स्पेसवर, तर्जन्या आपापल्या जागी, कुणी शिकवायला बसवल्यासारखे ताठ.

सात वाजून एक सेकंद. चव्वेचाळीस निरोप. एकच ओळ.

ती दुसऱ्या ओळीची वाट बघत राहिली. सात वाजून एक मिनिट. दोन मिनिटं. सात वाजून दोन मिनिटं, पंधरा सेकंद: मास्तरांचं खातं, बाहेर. आत होते तेवढ्या वेळात चालवलेल्या आज्ञा: शून्य. सात वाजून चार मिनिटांनी सिस्टरांचा निरोप आला, यादी आली. त्यापुढे त्यांनी एक हसरं तोंड टाकलं होतं, हे त्यांच्याकडून पहिल्यांदाच.

"गेलं पाणी?" बाबांनी विचारलं.

"गेलं."

अहवाल तिने बुधवारी दुपारी लिहून काढला. दोन पानं. बिघाड, कारण, दुरुस्ती, आणि तेविसाव्या कलमाखाली स्वतःचं नाव. प्रवेश असलेल्यांच्या तक्त्यात एक रकाना तिने मोकळा सोडला. गुरुवारी सकाळीही यादी सात वाजून एक सेकंदाला गेली. वहीत मास्तरांचं खातं सहा अठ्ठावन्नला आत आलं, सात वाजून तीन मिनिटांनी बाहेर गेलं, आज्ञा शून्य. संध्याकाळी पाच चाळीसला ती ऑफिसमधून मास्तरांच्या घरी जायला निघाली तेव्हा खातं चालू होतं.